पडीत जमिनीवर कोण राहतं?

२०१९ च्या जुलैमधली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. राज्यभर ३३ कोटी झाडं लावायची मोहीम सुरू होती आणि आमच्या रासेयोच्या तुकडीच्या वाट्याला गावाबाहेरची ई-क्लासची टेकडी आली होती. खड्डे आधीच खोदून ठेवलेले होते, पण बरेचसे वीतभरच. ते खोल करायचं काम आमचं. मुरूम इतका कडक, की कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या.

चौथ्या-पाचव्या खड्ड्याकडे जाताना पायाखालून अचानक भर्रकन आवाज आला. दहा-बारा पाखरं एकदम उडाली, दहा दिशांना पांगली आणि वीस-तीस पावलांवर पुन्हा गवतात गडप झाली. एक मैत्रीण किंचाळली, बाकीचे हसले. कुणीतरी म्हणालं, "तितर होते."

जवळच हिवराच्या झुडपाखाली शेळ्या चारणारे एक बाबाजी बसले होते. ते म्हणाले, "तितर नाही ना बाप्पा, लावे होय थे. अन् तुमी हे कायले खोदून रायले इथं? लावे कुठी जातीन?"

आमच्यातल्या एकाने मोठ्या शहाणपणाने समजावलं, "बाबाजी, ही पडीत जमीन आहे. झाडं लावली तर तुमच्याच बकऱ्यांना सावली होईल."

"पडीत कायची? माह्या बकऱ्या काय मुरूम खाते काय?"

आम्ही पुन्हा हसलो. फोटो काढले, स्टेटस ठेवले. आठवड्याने प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं, पर्यावरण रक्षणातल्या योगदानाबद्दल. ते अजून माझ्या फाइलमध्ये आहे. हा लेख म्हणजे बाबाजींच्या प्रश्नाला मी उशिरा दिलेलं उत्तर समजा. त्या दिवशी आम्ही पर्यावरणाचं रक्षण केलं नाही. चाळीस पोरांनी मिळून एका पाखराच्या घरात खड्डे पाडले आणि त्याचं प्रमाणपत्र घेतलं. यवतमाळात, विदर्भात आणि सगळ्या महाराष्ट्रात हे दर पावसाळ्यात होतं. ते थांबलं पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता हा लावा कोण, ते सांगतो. गूगलवर नुसतं 'लावा' टाकलं तर आधी मोबाइलची कंपनी येते, मग ज्वालामुखी. गंमत म्हणजे ज्वालामुखी अगदीच चुकीचा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक टेकड्यांचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचाच आहे, आणि त्याच पाषाणाच्या मुरमाड उतारांवर हा आपला लावा राहतो. तितराच्या, कोंबडीच्या कुळातला, पण लांबी जेमतेम सतरा सेंटिमीटर. तळहातावर बसेल एवढा गोळा. नराच्या गळ्यावर विटकरी झाक आणि छातीपोटावर बारीक काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा. मादी गुलबट तपकिरी, जवळजवळ बिनरेघी. गवतात बसली की तुम्ही तिच्यावर पाय देईपर्यंत दिसणार नाही.

इंग्रज लष्करातला अधिकारी विल्यम सायक्स दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. त्याने १८३२ साली या पाखराचं शास्त्रीय वर्णन छापलं. म्हणजे विज्ञानाला तो जवळपास दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. जगात इतरत्र कुठे तो नाही. भारताच्या कोरड्या, खडकाळ, झुडपी मुलखाचाच तो रहिवासी. त्याचा एक सख्खा भाऊबंद आहे, तो थोड्या जास्त झाडीत राहतो आणि दिसतो इतका सारखा, की जाणकारांचीही गफलत होते. आपला लावा मात्र उघड्या, दगडगोट्यांच्या माळाला चिकटून असतो.

त्याचं सगळं आयुष्य जमिनीवर. खाणं गवताचं बी, किडे, वाळवी. घरटं म्हणजे गवताच्या ठोंबाच्या बुडाशी केलेला एक खळगा. राहतो थव्याने, सहा ते वीसच्या. सांज झाली की सगळे एकमेकांना खेटून गोल करून बसतात, शेपट्या आत आणि तोंडं बाहेर. म्हणजे कोल्हा कुठूनही आला तरी कुणाला तरी दिसतोच, आणि मग एकाच क्षणी सगळे दहा दिशांना फुटतात. धोका टळल्यावर शिट्ट्या मारत एकमेकांना हुडकून पुन्हा एकत्र येतात. आमच्या पायाखालून फुटलेला थवा हाच.

आता विचार करा, अशा पाखराला काय लागतं? उघडी जमीन, म्हणजे पळता येईल. अधूनमधून कुसळी, पवन्या, मारवेल यांचे ठोंब, म्हणजे बी मिळेल आणि लपता येईल. बोर, हिवर, तरवड यांची विरळ झुडपं. आणि खूप ऊन, कारण ही गवतं उन्हाची आहेत. तिथे तुम्ही तीन-तीन मीटरवर रोपं लावली, उताराला आडवे चर खोदले, कुंपण घातलं, तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर रोपं मरतात आणि मागे उकरलेला मुरूम उरतो. नाही तर रोपं जगतात, सावली धरते आणि खालचं गवत जातं. दोन्हीकडे लावा हरतो. सरकारी भाषेत पहिल्याला अपयश म्हणतात आणि दुसऱ्याला यश. लाव्याला दोन्ही सारखंच.

मी तीन वर्षांनी त्या टेकडीवर गेलो होतो. आम्ही लावलेल्यातली बहुतेक कडुनिंबं, आवळे गेले होते. जगलं होतं ते गिरिपुष्प. या परदेशी झाडाला गुरंढोरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लागवडीत त्याचा आकडा नेहमी चांगला दिसतो. चराच्या कडेला रानतुळस माजली होती. लावे दिसले नाहीत. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, जिथे मोहीम पोचली नव्हती, तिथे मात्र सकाळी शिट्टी ऐकू आली.

हे सगळं का होतं? आमच्यात कुणी दुष्ट होतं म्हणून नव्हे. एका शब्दामुळे होतं, 'पडीत'. या शब्दाचा जन्म निसर्गात झालेला नाही, महसुलाच्या दप्तरात झाला आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला आणि वऱ्हाडात जमीन म्हणजे कापूस हे समीकरण पक्कं झालं. जी जमीन सारा देते ती कामाची, जी देत नाही ती पडीत. गुरं चरतात, सरपण मिळतं, चारोळी-बोरं मिळतात, पाखरं अंडी घालतात, याला हिशेबात रकाना नव्हता.

इंग्रज गेले, रकाने राहिले. केंद्र सरकार आजही देशातल्या पडीत जमिनींचा नकाशासंग्रह काढतं. २०१९ च्या आवृत्तीत देशाची जवळपास १७ टक्के जमीन पडीत धरली आहे. तिच्यातल्या वर्गवाऱ्या वाचल्या की अंगावर काटा येतो: दाट झुडपांची जमीन, विरळ झुडपांची जमीन, उघड्या खडकाची जमीन. हा तर लाव्याच्या घराचा पत्ता झाला! कुणी मुद्दाम यादी करायची म्हटली असती तरी इतकी अचूक झाली नसती. आणि एकदा जमीन पडीत ठरली की तिचं 'काहीतरी करणं' हे पुण्य होऊन बसतं. झाडं लावा, सौर प्रकल्प टाका, एमआयडीसी आणा, मुरूम उचला. रिकामं घर समजून आत शिरणाऱ्याला कुणी दरोडेखोर म्हणत नाही.

हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे असं वाटत असेल तर वर्धा नदी ओलांडून बघा. नदीपलीकडच्या पूर्व विदर्भात अशाच जमिनीला महसुली कागदावर 'झुडपी जंगल' म्हणतात, कारण तिथे मालगुजारीची वेगळी पद्धत होती. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे झुडपी जंगल वनजमीनच मानायचं. सहा जिल्ह्यांतली मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन. नदीच्या अलीकडे, आपल्या यवतमाळात, तेच हिवर, तीच कुसळी, तोच लावा; पण कागदावर ई-क्लास, म्हणजे गुरचरण, म्हणजे बोलीभाषेत पडीत. पाखराला नदी दिसते, सातबारा दिसत नाही. त्याचं नशीब मात्र सातबाराच ठरवतो.

मला माहीत आहे, यवतमाळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाघ येतो. यायलाच हवा. टिपेश्वरचं अभयारण्य दीडशे चौरस किलोमीटरचंही नाही, आणि तिथला 'वॉकर' २०१९ साली निघाला तो हजारो किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगाव तालुक्यात अवनी वाघीण गोळीने मारली गेली तेव्हा मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या लागल्या. वाघाला नाव असतं, नंबर असतो, गळ्यात पट्टा असतो, दर चार वर्षांनी देशभर मोजणी असते. लाव्याला यातलं काहीच नाही. माझी वाघाबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे, की आपण निसर्ग म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे झाडं असं ठरवून टाकलं आहे. वॉकरसुद्धा फक्त जंगलातून चालला नाही. शेतं, रस्ते, नाले ओलांडत गेला. जंगलांच्या मधली जी मोकळी जमीन आपल्याला रिकामी दिसते, तिच्यावर वाघाचाही भरवसा आहे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. लाव्याचा शत्रू कोण, असं यवतमाळात कुणालाही विचारा. उत्तर येईल, पारधी. लावा-तितर धरणारा, फासे लावणारा. फासेपारधी समाजाच्या तर नावातच फास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण पारधी बेड्याकडे बघायची नजर गेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, आणि लावे विकणाऱ्याची किंवा ढाब्यावर चवीने खाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण हिशेब सरळ ठेवा. फास लावणारा थव्यातली चार पाखरं नेतो. उरलेला थवा शिट्ट्या मारत पुन्हा एकत्र येतो आणि पुढच्या पावसाळ्यात अंडी घालतो, कारण माळ जागेवर असतो. आम्ही चाळीस पोरांनी माळच नेला. चार पाखरं नेणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, माळ नेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. बरं, फास लावणाऱ्याला लावा कुठे बसतो, काय खातो, कधी घरटं करतो हे सगळं पाठ होतं. आम्हाला तो तितर वाटला होता.

ही माहिती किती मोलाची असते याचा एक दाखला देतो. लाव्यासारखंच खडकाळ झुडपांत लपून राहणारं एक पाखरू आहे, जेर्डनचा धाविक. एकोणिसाव्या शतकात गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्याच्या बाजूलाही त्याची नोंद झाली होती. १९०० नंतर तो कुणालाच दिसेना, नामशेष झाला असं धरून चालले. १९८६ च्या जानेवारीत तो आंध्रच्या कडप्पा भागात पुन्हा सापडला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण तिथे शोध घेत होते, आणि पाखरू प्रत्यक्ष हातात आलं ते एका स्थानिक पक्षी पकडणाऱ्या माणसामुळे. पुढे त्याच्या उरल्यासुरल्या झुडपी रानात एका कालव्याचं खोदकाम शिरलं आणि अभ्यासकांना धावाधाव करावी लागली. तिथलीही अडचण हीच होती: बघणाऱ्याला ते रान रान वाटतच नव्हतं.

"लावा काही नामशेष होत नाहीये," असं कुणी म्हणेल. खरं आहे. जागतिक यादीत त्याच्यापुढे 'चिंता नाही' असाच शेरा आहे. पण २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालाने स्पष्ट सांगितलं आहे की गवताळ आणि मोकळ्या रानातल्या पक्ष्यांची घसरण जोराने चालू आहे. शेरा बदलायची वाट बघायची का? तणमोराची आपण तशीच वाट बघितली. तो आज हाताच्या बोटांवर मोजायची वेळ आली आहे.

"मग झाडं लावायचीच नाहीत का? उन्हाळ्यात ४५ डिग्रीत तू राहून बघ," असंही म्हणाल. मी यवतमाळातच राहतो, मला ४५ डिग्री समजावू नका. झाडं जरूर लावा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावा, चौपदरीकरणात कापलेली कडुनिंबं तिथेच होती. शाळेत, दवाखान्यात, नाल्याच्या काठी, घराच्या अंगणात, शेताच्या धुऱ्यावर लावा. पण माळावर नको. गवत हा झाडाचा कच्चा मसुदा नाही, ते स्वतः पूर्ण असं रान आहे. कार्बनचा हिशेब करायचा तर तोही करा. माळाचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली मुळांत असतो, आणि आपण कुदळीने पहिला घाव तिथेच घालतो.

धुऱ्याचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून घेऊ. लावे सकाळ-संध्याकाळ माळावरून खालच्या शेतांच्या धुऱ्यांवर उतरतात. आता धुरेही तणनाशकाने जाळले जातात. याच जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले. ज्या विषाने माणसं वाचली नाहीत, त्याचा तळहाताएवढ्या पाखरावर काय परिणाम होत असेल, याला अभ्यास लागत नाही. मी शेतकऱ्याला दोष देत नाही, निंदणाची मजुरी किती झाली आहे हे मला घरातूनच माहीत आहे. पण धुरा गेला की लाव्याला उरतो फक्त वरचा माळ. म्हणून तो तरी सोडा.

आणि हे स्वप्नरंजन नाही. आपल्या शेजारी वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटासाठी, म्हणजेच माळरानासाठी राखलेलं आहे. त्याच पट्ट्यात 'संवेदना' संस्थेसोबत फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोर आणि त्याचं गवताळ रान राखायचं काम केलं आहे. ज्यांना आपण शत्रू म्हणत होतो, ते राखण करतात. आपण मात्र फुकट मिळालेली रोपं घेऊन टेकडीकडे निघतो.

तुम्ही हे मोबाइलवर वाचताय, म्हणून मोबाइलवर होण्यासारखंच सांगतो. पुढच्या जूनमध्ये तुमच्या कॉलेजचा, कंपनीचा, मंडळाचा वृक्षारोपणाचा मेसेज ग्रुपवर येईल. त्यावर अंगठा दाखवण्याआधी एकच प्रश्न टाका: जागा कोणती? ई-क्लास, गायरान, टेकडी असं उत्तर आलं तर 'मी येणार नाही' असं लिहा आणि का येणार नाही तेही लिहा. ग्रुपमध्ये थोडं वाईट दिसेल. दिसू द्या.

दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची एक लोकजैवविविधता नोंदवही असते. गावात गेलात की ती मागा. तिच्यात तुमच्या माळाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. लावा नसेल तर ग्रामसभेत सांगून लिहायला लावा. शेळ्या चारणाऱ्या बाबाजींना आणि बेड्यावरच्या जाणत्यांना सोबत न्या, त्यांच्या तोंडून लिहून घ्या. उद्या त्या जमिनीवर कुणी खड्डे मोजायला आलं तर दाखवायला एक कागद तरी असेल. आजवर तिथल्या रहिवाशाच्या बाजूने कागदच नव्हता.

आणि एक पथ्य. लावे बघायला गेलात तर घरट्याचा फोटो, जागेचं लोकेशन टाकू नका. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवू नका. ती शिट्टी त्यांची पांगलेली माणसं गोळा करायची आहे, ती खोटी वाजवायची नसते.

बाबाजी आता नाहीत. त्यांच्या शेळ्या त्यांच्या मुलाने विकल्या, कारण टेकडीला कुंपण पडल्यावर चारायला जागा उरली नव्हती. पलीकडचा उतार अजून शाबूत आहे. यंदा तिथे चुन्याच्या खुणा मारलेल्या दिसल्या, तीन-तीन मीटरवर. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. मी जाणार आहे, आणि ते प्रमाणपत्रही सोबत नेणार आहे.